काटा आणि काठी

फोर्डच्या मॉडेल टी गाडीत पेट्रोल किती उरले हे बघायचे तर आधी पुढे बसलेल्या माणसांना उठवावे लागे, कारण टाकी त्यांच्या सीटखाली असे. गादी उचलायची, झाकण काढायचे, आत लाकडी काठी उभी सोडायची, वर घ्यायची आणि ओल वाळायच्या आत ती कुठवर आली ते वाचायचे. 1908 ते 1927 या काळात अशा दीड कोटींच्या आसपास गाड्या कारखान्यातून निघाल्या आणि त्यांतल्या बहुतेकांच्या मालकांनी पेट्रोल याच रीतीने मोजले. समोर डोळ्यांपुढे पेट्रोलचा काटा असणे ही सोय नंतरची. कोट-हॅट घातलेला गृहस्थ भर रस्त्यात टाकीत काठी बुडवतो आहे, हे चित्र आज गमतीचे वाटते. माझे म्हणणे मात्र असे की ती काठी तिच्या जागी आलेल्या काट्यापेक्षा जास्त भरवशाची होती. अचूकपणात ती काही फार पुढे नव्हती, पण तिची चूक गाडीच्या मालकाला स्वतः शोधून काढता येत होती. माप किती अचूक आहे हे आपण नेहमी विचारतो. ते तपासायचे झाले तर कोण तपासू शकेल आणि कशाने, हे सहसा विचारत नाही. बुऱ्हाणपूरसारख्या गावात, जिथे कापड, केळी आणि पाणी या तिन्हींची मोजदाद चालत आली आहे, तिथून या प्रश्नाकडे बघितले की तो नीट दिसतो.

आधी काठीची चूक बघू, कारण ती चांगलीच होती. जुन्या मॉडेल टीची टाकी गोल, आडव्या पिंपासारखी. अशा पिंपात उंची आणि मात्रा एकमेकांच्या प्रमाणात चालत नाहीत. काठी निम्म्यावर ओली झाली तर पेट्रोल निम्मे, इथपर्यंत ठीक. पण पाव उंचीवर ओली झाली तर टाकीत पाव पेट्रोल नसते, जेमतेम एक पंचमांश असते. आणि एक दशांश उंचीला तर शंभरातले पाचच भाग उरलेले असतात. म्हणजे काठीवर सारख्या अंतराने खुणा करणारा माणूस नेमका टाकी संपत आली की फसणार. दुसरी चूक रस्त्याची. टाकी गाडीत आडवी, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत. गाडी रस्त्याच्या कडेला एक बाजू खाली करून उभी असली की पेट्रोल त्या बाजूला सरकते आणि काठी भलतेच सांगते. तिसरी चूक गॅलनची. अमेरिकेचा गॅलन 3.785 लिटरचा, इंग्रजांचा 4.546 लिटरचा. अमेरिकेत खुणा केलेली काठी इंग्रजी गॅलनच्या मुलखात आली, की तिचे दहा गॅलन इथल्या सव्वाआठ गॅलनांहून थोडे जास्त भरत. आणि चौथी गोष्ट चुकीची नव्हे, रचनेची: मॉडेल टीत पेट्रोल ढकलायला पंप नव्हता, ते आपल्या वजनाने उतरून पुढे कार्ब्युरेटरला जाई. टाकीत पेट्रोल कमी आणि समोर चढ असला की गाडीचे नाक वर होई, कार्ब्युरेटर टाकीच्या पातळीच्या वर जाई आणि इंजिन बंद पडे. मग गाडी वळवून चढ उलट्या गियरमध्ये चढायचा. खंडव्याकडून येणारा रस्ता असीरगडाच्या पायथ्याशी सातपुडा ओलांडून बुऱ्हाणपूरच्या सपाटीला उतरतो. असल्या घाटात काठीवर दोन बोटे ओल आहे एवढे कळून भागत नव्हते, ती दोन बोटे चढावर उपयोगी पडतील की नाही हेही कळावे लागे.

पण काठीच्या या तिन्ही चुका शोधायला काय लागत होते? सपाट जागा, रिकामी केलेली टाकी आणि एक खात्रीचे गॅलनचे माप. एक गॅलन ओतायचा, काठी बुडवायची, ओल आली तिथे चाकूने खाच करायची; पुन्हा एक गॅलन, पुन्हा खाच. टाकी भरेपर्यंत हे केले की काठी त्या टाकीची होते. खाचांमधली अंतरे खाली मोठी, मधे लहान, वर पुन्हा मोठी अशी येतात, आणि पिंपाची गोलाई भूमिती न शिकलेल्या माणसाच्याही हातात उतरते. हे काम कुणा तज्ज्ञाकडे द्यावे लागत नव्हते. विकतच्या काठीवर शंका आली तर तासाभरात तिचा निकाल लावता येत होता.

मग काटा आला. 1927च्या अखेरीस आलेल्या मॉडेल एमध्ये टाकी काचेखाली, डॅशबोर्डच्या थेट मागे होती. टाकीतल्या बुचाच्या तरंगत्या गोळ्याला जोडलेली खूण समोरच्या खिडकीत दिसे. काम साधे आणि बऱ्यापैकी प्रामाणिक. पण बुचावर लाखेचा थर असे. तो खराब झाला की बूच पेट्रोल पिऊन जड होई, खाली बसे आणि भरलेली टाकी रिकामी दाखवी. टाकी मागे गेल्यावर काही अमेरिकन गाड्यांत आणखी डोकेबाज तोड निघाली. टाकीच्या तळाशी हवेची घंटी, तिथून डॅशबोर्डपर्यंत बारीक नळी आणि समोर काचेच्या नळीत पाण्याच्या सुमारे तिप्पट जड असा लाल द्रव. पेट्रोलच्या उंचीचा दाब हवेमार्फत पुढे येई आणि लाल रेघ वर चढे. पेट्रोल पाण्याहून हलके, म्हणून टाकीतली पंचवीस सेंटिमीटर उंची समोर सहा-सव्वासहा सेंटिमीटरांत मावे. कल्पना देखणी आहे यात वाद नाही. पण सगळी भिस्त त्या नळीतल्या हवेवर. कुठल्या तरी जोडात सुईच्या टोकाएवढी गळती झाली की रेघ हळूहळू खाली येई, आणि पेट्रोल संपते आहे की हवा संपते आहे हे बसल्या जागी सांगता येत नसे. त्यानंतरच्या विजेच्या काट्यात तरंगणारा गोळा, त्याचा दांडा, दांड्याने बदलणारा विजेचा रोध, तार, बॅटरी आणि शेवटी काटा, एवढी साखळी आली. प्रत्येक कडी आधीपेक्षा सुबक आणि प्रत्येक कडी मालकाच्या हाताबाहेरची. काठी चुकली तर का चुकली ते दिसे. काटा चुकला तर तो फक्त चुकलेला असे.

यावर कुणी म्हणेल, काट्याचे काम मोजण्याचे नाहीच, सावध करण्याचे आहे. हे मला मान्य आहे, आणि काटा बनवणारेही हेच धरून चालतात. टाकी भरल्यावर बराच वेळ काटा वरच रेंगाळतो, आणि तळाला टेकला तरी काही लिटर शिल्लक असतात. वाटेत अडकण्यापेक्षा ही सोयीची लबाडी बरी. पण मग सावध करण्याचे काम याहून साध्या उपायानेही होत होते. बजाज चेतकवर वाढलेल्या पिढीला पेट्रोलचा काटा माहीत नव्हता, रिझर्व्हचा कॉक माहीत होता. टाकीत दोन उंचींवर तोंडे असलेली नळी, उंच तोंड कोरडे पडले की गाडी आचके देणार, मग कॉक फिरवायचा आणि खालच्या तोंडातून उरलेले पेट्रोल घ्यायचे. यात आकडा नाही, काटा नाही, बिघडायला जवळपास काही नाही. आणि रिझर्व्हही संपली तर गाडी आडवी करून कोपऱ्यातले थेंब कॉककडे आणायचे, म्हणजे मॉडेल टी घाटात उलटी चढवण्याचाच हा आपल्याकडचा अवतार. सावधगिरीसाठी कॉक पुरेसा होता. डायलवर चार भाग पाडून अर्धा, पाव असे सांगणारा काटा मात्र मोजल्याचा आव आणतो, आणि एकदा आव आणला की लोक त्याला साक्षीदार म्हणून उभा करतात.

नेमके तेच होते. इंदूर–इच्छापूर रस्त्यावरच्या कुठल्याही पंपावर ऐकू येणारी तक्रार ही: दोनशेचे टाकले आणि काटा हललाच नाही, मापात मारतात. तक्रार खरी असू शकते, पण काटा ती सिद्ध करू शकत नाही. दुचाकी स्टँडवर कलती उभी, वरच्या भागात मुळातच आळशी असलेला काटा, आणि पेट्रोल दीड-दोन लिटर. दुसरी तक्रार याहून पटणारी असते: कंपनीच्या पुस्तकात टाकी 45 लिटरची, पंपाने 48 लिटर कसे घातले? पुस्तकातला आकडा पेट्रोल फुगायला वर जागा सोडून दिलेला असतो. गळ्यापर्यंत भरत राहिले तर त्याहून जास्त सहज मावते. बुऱ्हाणपूरच्या उन्हाळ्यात तसे भरूही नये. पंपवाल्याची बाजू घेण्यासाठी हे सांगत नाही. पंपावर संशय घ्यायचा तर तो संशय पेलणारे माप हाती हवे, आणि गाडीतला काटा ते माप नाही.

इथे बुऱ्हाणपूरचा जुना व्यापार आठवतो. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए इथून गेला तेव्हा इथले तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंडपर्यंत जात असल्याचे त्याने नोंदवले. कापडाचे बरे असते. इथे गजाने मोजलेले ठाण तिकडे पुन्हा मोजता येते, कमी भरले तर बोलता येते. केळीचेही तसेच. भरलेला ट्रक एका धर्मकाट्यावर तोलला आणि आकडा पटला नाही, तर पुढच्या धर्मकाट्यावर चढवता येतो. माल ट्रकमध्येच आहे. आणि पाण्याचा हिशेब तर स्वतःच बोलतो. 1615 साली अब्दुल रहीम खानखाना सुभेदार असताना तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराच्या देखरेखीखाली इथला कुंडी भंडारा झाला. सातपुड्यातून तापीकडे जमिनीखालून झिरपणारे पाणी अडवायचे, शंभराहून अधिक कुंड्या एकमेकींना जोडणाऱ्या भुयारातून ते नुसत्या उताराच्या जोरावर शहरात आणायचे. तो उतार मोजण्यात कुठे चूक झाली असती तर पाणी तिथेच थांबले असते, वेगळा तपासनीस लागला नसता. चारशे वर्षांनी, 2024 साली, युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत त्याचे नाव गेले. पेट्रोल या तिन्हींहून निराळे आहे. ते आपल्याला दिसत नाही, टाकीत गेले की आधीच्यात मिसळते आणि नंतर जळून जाते. घरी नेऊन पुन्हा मोजायची सोय नाही. म्हणून त्याचे माप तपासायचे तर देण्या-घेण्याच्या त्याच क्षणी, आणि घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर.

पंप बनवणाऱ्यांना हे फार लवकर कळले होते. 1910 आणि 1920च्या दशकांत पाश्चात्त्य रस्त्यांवर जे पंप उभे राहिले त्यांच्या माथ्यावर मोठे काचेचे नळकांडे असे. दांडा मारून पेट्रोल आधी त्या काचेत चढवायचे, आतल्या गॅलनच्या खुणा गिऱ्हाइकाने बघायच्या, मग ते आपल्या वजनाने नळीवाटे गाडीत सोडायचे. यातही हात मारता येत होता. सगळे उतरायच्या आत नळ बंद केला की थोडे राहिलेच. पण तो हात दिसण्याजोगा होता. पुढे फिरत्या मीटरचे पंप आले, झपाट्याने काम करू लागले आणि काच लहान होत होत एका छोट्या खिडकीपुरती उरली. तिच्यात भिंगरी फिरते, पेट्रोल वाहते आहे एवढेच कळते, किती ते नाही. म्हणजे गाडीत काठीचे जे झाले तेच पंपावर काचेचे झाले.

फरक एवढाच की पंपाच्या बाबतीत कायद्याने काठी परत आणली. तिचे नाव पाच लिटरचे माप. प्रत्येक पंपावर ते असायला हवे, आणि गिऱ्हाइकाने मागितले तर त्यात मोजून दाखवायला हवे. भांडे साधे असते, पण त्याची घडण बघण्यासारखी आहे. अंग रुंद, मान अरुंद, आणि खुणा फक्त मानेवर. कारण वीस सेंटिमीटर व्यासाच्या रुंद भांड्यात पंचवीस मिलिलिटर कमी पडले तर पातळी एक मिलिमीटरही उतरत नाही. डोळ्याला ते दिसणारच नाही. तेच मान आठ सेंटिमीटर व्यासाची केली तर अर्धा सेंटिमीटर फरक पडतो, आणि मान आणखी अरुंद केली तर आणखी. पंचवीसचाच आकडा घेतला, कारण पाच लिटरला तेवढीच सूट आहे, अर्धा टक्का. तपासणीचीही रीत आहे. माप सपाट जागी ठेवायचे. आधी एकदा भरून, ओतून, निथळू द्यायचे, कारण कोरड्या भांड्याच्या आत जे चिकटून राहते ते पहिल्या वेळी कमी भरल्यासारखे दिसते. मग पंपाचा आकडा शून्यावर आहे हे बघून पाच लिटर घ्यायचे, फेस बसू द्यायचा, आणि डोळा मानेवरच्या खुणेच्या पातळीला आणून वाचायचे. वरून वाकून वाचले की चूक होते. मॉडेल टीच्या मालकाने चाकूने खाचा करताना जे केले तेच हे, फक्त मापावर सरकारी ठसा आहे. बुऱ्हाणपुरात तो मध्य प्रदेशाच्या नापतौल विभागाचा, इच्छापूर ओलांडून मुक्ताईनगर तालुक्यात गेले की महाराष्ट्राच्या वैधमापन यंत्रणेचा. कायदा दोन्हीकडे एकच, 2009चा.

आता हरकत अशी की हे माप मागतो कोण? मागे रांग लागलेली, हॉर्न वाजताहेत, केळीचा ट्रक दिल्लीला वेळेत पोचवायचा आहे, आणि दुचाकीवाल्याला घ्यायचे असते शंभराचे. पाच लिटर मोजून घेणारा गिऱ्हाईक दिवसात एखादाही भेटणार नाही. खरे आहे. पण ज्या बाजारात कुणीही कधीही दुसऱ्या काट्यावर माल चढवू शकतो, तिथे रोज कुणी चढवला नाही तरी पहिला काटा सरळ राहतो. प्रत्येकाने तपासण्याची गरज नसते. कोण आणि कधी तपासेल हे विकणाऱ्याला आधी कळू नये एवढे पुरते. याच्याच उलट बाजूने दुसरी, जास्त अवघड हरकत येते. 2017च्या एप्रिलमध्ये उत्तर प्रदेश पोलिसांच्या एसटीएफने लखनौत पंपांवर छापे घातले तेव्हा यंत्रात बसवलेल्या चिपा सापडल्या. मीटर किती फिरला याची स्पंदने मोजून पडद्यावर आकडा येतो. चिप त्या स्पंदनांत घोळ घाली, आणि रिमोटने ती बंदही करता येई. म्हणजे तपासनीस आला की पंप सज्जन. मग पाच लिटरच्या मापाचा उपयोग काय? मला वाटते, ही हरकत मापावर नाहीच, वेळ सांगून येणाऱ्या तपासणीवर आहे. वर्षातून एकदा ठरवून मारलेल्या ठशाला रिमोट पुरा पडतो. रात्री साडेदहाला रांगेतून अचानक माप मागणाऱ्या गिऱ्हाइकाला रिमोट पुरा पडेलच असे नाही. निदान विकणाऱ्याने त्या बटणावर सतत बोट ठेवून बसायला हवे.

इथवर प्रश्न फक्त किती मिळाले याचा होता. सुरुवातीच्या मोटारवाल्यांना दुसराही प्रश्न पडे, काय मिळाले? तेव्हा पेट्रोल घनतेवर ओळखले जाई, 680चे, 720चे असे. जाणता मालक काठीबरोबर काचेचा घनतामापकही बाळगी, कारण भेसळ काठीला कळत नाही. आजही पंपावर रोजची घनता लिहिलेली असते, 15 अंश तापमानाला आणून, आणि ती कंपनीच्या चलनावरच्या घनतेशी घनमीटरला 3 किलोच्या फरकात जुळायला हवी. घनतामापक आणि थर्मामीटर मागून तपासायचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. पण 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल आल्यावर या जुन्या साधनाचीही पंचाईत झाली. निव्वळ पेट्रोलच्या बाबतीत ढोबळमानाने जड म्हणजे लिटरमागे जास्त ऊर्जा. इथेनॉल पेट्रोलपेक्षा जड, घनमीटरला 790 किलोच्या आसपास, पण लिटरमागे त्याची ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी. त्यामुळे मिश्रणाची घनता किंचित वाढते आणि लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. 2021 साली नीती आयोगाच्या आराखड्यात जुन्या घडणीच्या चारचाकींचे ॲव्हरेज 6 ते 7 टक्के आणि दुचाकींचे 3 ते 4 टक्के उतरेल असा अंदाज दिला होता. त्या इंधनासाठीच घडवलेल्या गाड्यांत तो बराच कमी होता. धोरण बरोबर की चूक हा वाद इथे नको. मुद्दा एवढाच की पाच लिटरच्या मापावर आपण अर्ध्या टक्क्यासाठी डोळा वाकडा करतो, माप बरोबर भरते, घनता फळ्यावरच्या आकड्याशी जुळते, आणि तरी त्या लिटरमध्ये पूर्वीएवढी वाट भरलेली नसते.

याची परीक्षा कुठल्याच पंपावर होत नाही, ती मालकालाच करावी लागते, आणि तिची रीत मोटारीएवढीच जुनी आहे. टाकी फुल करायची, चांगले अंतर तोडायचे, पुन्हा त्याच पंपावर, त्याच नळीने, गाडी तशीच उभी करून पहिल्यासारखीच फुल करायची, आणि दुसऱ्या वेळचे लिटर आलेल्या अंतराशी ताडायचे. डॅशबोर्डवरच्या काट्याला यात कुणी विचारत नाही. बुऱ्हाणपूरहून असीरगडचा चढ एका वेळी आणि इच्छापूरची सपाटी दुसऱ्या वेळी, असे केले तर तुलना फुकट. वाट तीच हवी, जाऊन-येऊन हवी, ओझे तेवढेच हवे. आणि अंतर गाडीच्या मीटरवरून घ्यायचे तर तोही आधी तपासून घ्यावा. टायर झिजले की चाकाचा घेर कमी होतो, तेवढ्याच वाटेत चाक जास्त फेरे घेते, मीटर किलोमीटर वाढवून सांगतो आणि ॲव्हरेज आहे त्याहून बरे दिसते. त्यासाठी रस्त्याच्या कडेचे किलोमीटरचे दगड आहेत. पाच-दहा दगड ओळीने धरून मीटरशी जुळवले की किती फरक धरायचा ते कळते.